कारभार सोपवावा, मालकी नव्हे

पंधरा-वीस वर्षांपूर्वी एखाद्या पतसंस्थेला ठेवींची नवी योजना जाहीर करावयाची असली, शाळेला प्रवेशाची सूचना द्यावयाची असली किंवा एखाद्या गृहउद्योगाला दिवाळीच्या फराळाची नोंदणी सुरू करावयाची असली, तर मार्ग ठरलेला असे. वृत्तपत्राच्या स्थानिक प्रतिनिधीकडे मजकूर द्यावयाचा, चौकात फलक लावावयाचा आणि घरोघरी पत्रके पोहोचवावयाची. आज हीच कामे बव्हंशी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील जाहिरातींनी होतात. तालुक्याच्या गावातील मसालेवाल्यापासून पुण्या-मुंबईतील प्रकाशकापर्यंत आणि शतकोत्तर ग्रंथालयापासून यात्रा कंपनीपर्यंत सर्वांनी हे माध्यम स्वीकारले आहे. थोड्या पैशात नेमक्या माणसापर्यंत पोहोचता येते, ही त्याची शक्ती आहे आणि ती नाकारण्याचे काहीच कारण नाही.

तथापि या बदलात एक गोष्ट आपल्या लक्षातून निसटली आहे. वृत्तपत्रातील जाहिरात छापून आली की व्यवहार संपत असे. प्रतिनिधीच्या हाती त्या जाहिरातीचा मजकूर आणि तिचे पैसे, याहून अधिक काही जात नसे. समाजमाध्यमावरील जाहिरात हे मात्र एक खाते असते. त्या खात्याला आपले बँक कार्ड जोडलेले असते, आपल्या नावाचे पान जोडलेले असते, ग्राहकांचे वा देणगीदारांचे दूरध्वनी क्रमांक त्यात चढवलेले असतात आणि कोणत्या जाहिरातीला कोणी प्रतिसाद दिला, याचा अनेक वर्षांचा अनुभव त्यात साठलेला असतो. जाहिरातीचे काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपवताना आपण तिला या कोठारात प्रवेश देत असतो. तो कसा द्यावा, किती द्यावा आणि कधी काढून घ्यावा, याचा विचार करणाऱ्या संस्था आज फार थोड्या आहेत.

प्रत्यक्षात काय घडते, हे वाचकांच्या परिचयाचे आहे. संस्थेचे पान एखाद्या उत्साही तरुणाने स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून उघडून दिलेले असते. जाहिरातीचे पैसे कधी त्याच्या कार्डातून, कधी कोषाध्यक्षांच्या कार्डातून जातात. पुढे काम वाढते, एखादी एजन्सी नेमली जाते, आणि तिला पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. लॉगिन करताना ओटीपी आला की तोही दूरध्वनीवरून सांगितला जातो. दोन वर्षांनी तो तरुण नोकरीसाठी परगावी जातो, एजन्सी बदलते, आणि पासवर्ड मात्र किती जणांकडे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. काही संस्था यावर उपाय म्हणून मंडळाच्या नावाने एखाद्या काल्पनिक व्यक्तीचे खाते उघडतात आणि ते सर्वांनी मिळून वापरतात. फेसबुकच्या नियमांना खोट्या नावाचे खातेही मान्य नाही आणि स्वतःच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला देणेही मान्य नाही. असे खाते एके दिवशी बंद झाले, तर दाद मागावयास भक्कम आधार उरत नाही.

यातून होणारी हानी काल्पनिक नाही. डिसेंबर २०१९ मध्ये फेसबुकने हाँगकाँगमधील एका कंपनीविरुद्ध आणि तिच्याशी संबंधित व्यक्तींविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला. लोकांच्या संगणकात घातक प्रणाली शिरवून त्यांची खाती ताब्यात घ्यावयाची आणि त्यांच्याच पैशाने बनावट मालाच्या जाहिराती चालवावयाच्या, असा तो उद्योग होता. पीडितांना भरपाई म्हणून फेसबुकला चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. जून २०२१ मध्ये व्हिएतनाममधील चौघांविरुद्ध दुसरा दावा झाला. या टोळीचे लक्ष्य जाहिरात एजन्सींचे कर्मचारी हेच होते. जाहिरात-व्यवस्थापनाचे ॲप असल्याचे भासवून एक बनावट ॲप त्यांच्या भ्रमणध्वनीवर उतरवून घेतले गेले आणि त्याद्वारे त्यांच्या खात्यांत शिरकाव झाला. फेसबुकच्या म्हणण्यानुसार या मार्गाने ३ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रकमेच्या अनधिकृत जाहिराती चालवल्या गेल्या. त्या वेळच्या दराने ही रक्कम अडीचशे कोटी रुपयांहून अधिक होते.

जुलै २०२२ मध्ये ‘विथसिक्युअर’ या फिनलंडमधील सुरक्षा संस्थेने ‘डकटेल’ नावाच्या घातक प्रणालीचा अहवाल प्रसिद्ध केला. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ज्या व्यक्तीच्या हाती व्यवसायाच्या जाहिरात खात्याचा कारभार असण्याची शक्यता आहे, अशी व्यक्ती लिंक्डइनवर हेरली जाते. तिला एखाद्या प्रकल्पाची कागदपत्रे म्हणून फाइल पाठवली जाते. ती उघडताच संगणकावर चालू असलेल्या लॉगिनची खूणगाठ, जिला कुकी म्हणतात, चोरली जाते. दार आतूनच उघडे असल्यामुळे चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. त्यानंतर तो त्या व्यवसायाच्या खात्यात स्वतःचा ईमेल व्यवस्थापक म्हणून नोंदवतो. अलीकडे तर मेटाच्या अधिकृत यंत्रणेतूनच बनावट आमंत्रणे पाठवण्याची युक्तीही वापरली जात आहे. या सर्व प्रकरणांचा बोध एकच आहे. आपण कितीही दक्ष असलो, तरी आपले खाते ज्याच्या हाती आहे, त्याच्या एका कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा आपल्या तिजोरीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून त्याच्या हाती किती द्यावयाचे, याला महत्त्व आहे.

चोरीची चर्चा होते. परंतु त्याहून सर्रास घडणारी आणि चर्चेत न येणारी हानी मालकीची आहे. फेसबुकने २०१४ मध्ये ‘बिझनेस मॅनेजर’ ही व्यवस्था आणली. कंपनीचे नाव ऑक्टोबर २०२१ मध्ये मेटा झाले आणि या व्यवस्थेला आता ‘बिझनेस पोर्टफोलिओ’ म्हणतात. हे पोर्टफोलिओ म्हणजे व्यवसायाचे जणू दप्तर. पान, जाहिरात खाते, संकेतस्थळावरील भेटी मोजणारा पिक्सेल, या सर्वांची नोंद त्यात असते. जाहिरात खाते एका वेळी एकाच दप्तराच्या मालकीचे असू शकते आणि एकदा एका दप्तरात नोंदले गेले की ते तेथून काढून दुसरीकडे नेता येत नाही. अनेक एजन्सी नव्या ग्राहकासाठी खाते स्वतःच्याच दप्तरात उघडतात किंवा ग्राहकाचे जुने खाते आपल्या दप्तरात मालक म्हणून घेतात. सोय म्हणून हे केले जाते आणि बहुतेकांचा हेतू वाईट नसतोही. परंतु उद्या मतभेद झाले किंवा एजन्सीच बंद पडली, तर पैसे आपण भरलेले, नाव आपले, अनुभव आपला आणि मालकी मात्र दुसऱ्याची, अशी स्थिती होते. दहा वर्षे पगार देऊन ठेवलेल्या दिवाणजीने जाताना चोपड्याच घरी न्याव्यात, तसा हा प्रकार आहे.

यावरचा मार्ग अवघड नाही आणि त्यासाठी पैसेही पडत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे संस्थेने वा दुकानदाराने स्वतःचे पोर्टफोलिओ स्वतः उघडावे. पान, जाहिरात खाते आणि पिक्सेल त्यातच निर्माण करावेत. पैशाचे साधन संस्थेच्या नावाचे असावे. एजन्सीला यात ‘पार्टनर’ म्हणून जोडता येते. प्रत्येक एजन्सीच्या पोर्टफोलिओला स्वतःचा एक क्रमांक असतो. तो तिच्याकडून मागून घ्यावा, पार्टनर या विभागात नोंदवावा आणि कोणती मालमत्ता कोणत्या अधिकारांसह तिच्यासाठी खुली करावयाची, ते ठरवावे. यात पासवर्डची देवघेव कोठेच होत नाही. एजन्सीचे कर्मचारी आपापल्या खात्यावरून काम करतात आणि पार्टनर म्हणून असलेले नाते आपण तोडले की त्या सर्वांचा प्रवेश एकाच वेळी संपतो. जी एजन्सी या मार्गाला नकार देऊन पासवर्डच मागते, तिच्याविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पडद्यावरील शब्द आणि विभागांच्या जागा मेटा वरचेवर बदलत असते, परंतु हे तत्त्व बदललेले नाही.

दुसरी गोष्ट अधिकारांच्या पायऱ्यांची. जाहिरात खात्यावर केवळ परिणाम पाहण्याचा अधिकार वेगळा आहे, जाहिराती चालवण्याचा अधिकार वेगळा आहे आणि खात्याचे पूर्ण नियंत्रण वेगळे आहे. हिशेब तपासणाऱ्या सल्लागाराला पहिला पुरेसा आहे. जाहिराती करणाऱ्या एजन्सीला दुसरा पुरेसा आहे. तिसरा अधिकार बाहेरच्या कोणालाही देण्याचे कारण नाही. आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र आणि विशेष मुखत्यारपत्र यांतील भेद घरोघरी माहीत आहे. शेताची मोजणी करून घेण्यासाठी कोणी कुलमुखत्यारपत्र लिहून देत नाही. तोच विवेक येथेही हवा. गुगलच्या जाहिरात खात्यातही केवळ पाहणे, बिले पाहणे, जाहिराती चालवणे आणि पूर्ण व्यवस्थापन असे वेगवेगळे स्तर आहेत, आणि एजन्सीचे व्यवस्थापक खाते आपल्या खात्याशी केवळ जोडून घेता येते व नंतर तोडताही येते.

तिसरी गोष्ट पैशाची. जाहिराती चालवण्याचा अधिकार ज्याला दिला, तो आपण जोडलेल्या कार्डातूनच खर्च करणार, हे उघड आहे. तेथे ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ होऊ नये, म्हणून मेटाने खात्याच्या एकूण खर्चावर मर्यादा घालण्याची सोय ठेवली आहे. ती मर्यादा गाठली की सर्व जाहिराती थांबतात. ही मर्यादा कार्यकारी मंडळाने संमत केलेल्या रकमेइतकी ठेवावी आणि ती वाढवण्याचा अधिकार आपल्याच हाती ठेवावा. शक्य असेल तेथे मुख्य बचत खात्याचे कार्ड न जोडता, मर्यादित शिल्लक असलेले स्वतंत्र साधन वापरावे. रात्री चोर खात्यात शिरलाच, तर सकाळपर्यंत किती रक्कम जाऊ शकते, हे याच दोन निर्णयांवर अवलंबून असते.

चौथी गोष्ट आपल्या माणसांची. पोर्टफोलिओचे पूर्ण नियंत्रण संस्थेतील किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावे. एकच व्यक्ती असेल आणि ती आजारी पडली, परदेशी गेली किंवा तिचे खाते बंद झाले, तर सारे अडकून पडते. फार जणांकडे असेल, तर जबाबदारी कोणाचीच राहत नाही. सर्व सदस्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची करण्याची सोय या व्यवस्थेत आहे. ती वापरलीच पाहिजे. आणि दर तीन महिन्यांनी कोणाकोणाला प्रवेश आहे, याची यादी उघडून वाचावी. ज्यांचे काम संपले, त्यांची नावे त्याच बैठकीत काढावीत. एजन्सीशी करार करतानाच हे नाते संपेल तेव्हा काय परत करावयाचे, कोणत्या दिवशी प्रवेश बंद होणार, हे लिहून घ्यावे. लग्नाच्या मांडवातील भांडीसुद्धा आपण मोजून देतो आणि मोजून घेतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हा विषय गांभीर्याने घेण्यासारखा आहे. काम बाहेर दिले म्हणून दायित्व बाहेर जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकावर दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मजकूर एजन्सीने लिहिला, ही सबब त्याला सहजासहजी तारणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांची माहिती ज्याने गोळा केली, तो ती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे वैध करारानेच सोपवू शकतो आणि त्या दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या हाताळणीचे दायित्वही मूळ संस्थेवरच राहते, असे हा कायदा सांगतो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. देणगीदारांच्या, पालकांच्या वा ठेवीदारांच्या क्रमांकांची यादी एजन्सीच्या हाती देण्यापूर्वी हे लक्षात असावे. ती यादी कोणी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली असते. ती आपली खासगी मालमत्ता नव्हे.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. परंतु जो पासवर्ड आपण होऊन दहा जणांना दिला, तो नेमका कोणी लबाडीने वापरला, हे सिद्ध कसे करणार? आर्थिक फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे, हे खरे. पण ‘बैल गेला अन् झोपा केला’ असे होऊ नये, यातच शहाणपण आहे.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, याची आम्हाला कल्पना आहे. तो आक्षेप आपल्या स्वभावातूनच येतो. ‘एजन्सी आपल्याच ओळखीच्या मुलाची आहे, त्याने पडत्या काळात विनामोबदला काम केले आहे, आता त्याच्याकडे अधिकारांची यादी कशी मागायची? त्याला काय वाटेल?’ सामाजिक कार्य परस्पर विश्वासावर उभे असते आणि त्या विश्वासाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु आपल्या वाडवडिलांनी ‘भीड भिकेची बहीण’ असेही सांगून ठेवले आहे. संस्थेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, म्हणून कोणी कोषाध्यक्ष स्वतःचा अपमान झाला असे मानत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० नुसार नोंदलेल्या न्यासाच्या हिशेबांची तपासणी होते, त्यात विश्वस्तांवर अविश्वास नसतो. शिवकालीन गडावर किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे आणि कोठार कारखानिसाकडे असे. ती माणसे संशयित होती म्हणून ही विभागणी नव्हती. एकाच्या हाती सर्व असले, तर एकाच्या चुकीने सर्व जाते, हे राज्यकर्त्याने ओळखले होते.

किंबहुना मर्यादित अधिकार हे प्रामाणिक माणसाचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. उद्या खात्यातून पैसे गेले, तर ज्याच्याकडे पासवर्ड होता, त्या प्रत्येकाकडे बोट दाखवले जाईल. ज्याच्याकडे केवळ जाहिराती चालवण्याचा नोंदलेला अधिकार होता आणि ज्याने काय केले, हे त्याच्या नावाने दप्तरात दिसते, तो निर्दोष असल्यास ताठ मानेने उभा राहू शकेल. वर्षानुवर्षांचे स्नेहसंबंध संशयाने तुटताना पाहण्यापेक्षा सुरुवातीची पाच मिनिटांची अवघड चर्चा कितीतरी परवडते.

बाहेरच्यांशी व्यवहार करताना दार किती उघडावे, हा प्रश्न मराठी राजनीतीला नवा नाही. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकर व्यापाऱ्यांविषयी स्वतंत्र विवेचन केले आहे. व्यापार राज्याला हवा होता, म्हणून टोपीकरांना येऊच देऊ नये असे अमात्य म्हणत नाहीत. त्यांनी यावे, व्यापार करावा आणि जावे. परंतु वखारीला जागा द्यावीच लागली, तर ती समुद्रकिनारी देऊ नये आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष आहे. व्यवहार चालू राहावा, पण पाय रोवले जाऊ नयेत, हे त्यामागील सूत्र होय. एजन्सी ही काही शत्रू नव्हे, तिच्या कौशल्याची आपल्याला गरज आहे आणि तिच्या कष्टांचा योग्य मोबदला तिला मिळालाच पाहिजे. परंतु तिची वखार कोठे असावी, हे ठरवण्याचा अधिकार घरधन्याचा आहे.

म्हणून वाचकांना आमचे आवाहन आहे. आपण एखाद्या शाळेचे, ग्रंथालयाचे, पतसंस्थेचे वा सेवाकार्याचे पदाधिकारी असाल, तर कार्यकारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. घरातील सूनबाई किंवा लेक लहानसा व्यवसाय चालवत असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसून खाते उघडून पाहावे. चारच प्रश्न विचारावेत. जाहिरात खाते कोणाच्या दप्तरात आहे? पूर्ण नियंत्रण कोणाकोणाकडे आहे? खर्चाची मर्यादा किती आहे? आणि आजची एजन्सी उद्या बदलली, तर आपल्या हाती काय उरेल? यांपैकी एकाचे जरी उत्तर कोणाला देता आले नाही, तर त्या दिवसाचे पहिले काम ठरले असे समजावे. खाते दुसऱ्याच्या दप्तरात असल्याचे आढळल्यास स्वतःच्या दप्तरात नवे खाते उघडून संबंध चांगले असतानाच काम तिकडे वळवावे. भांडण झाल्यावर ते जमणार नाही.

अनेक पिढ्यांच्या कष्टांनी संस्थेला नाव मिळते. त्या नावाने कोणी बनावट मालाची जाहिरात केली किंवा देणगीदारांच्या क्रमांकांवर फसवणुकीचे निरोप धाडले, तर गेलेले पैसे कदाचित परत येतील, गेलेली पत येणार नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत, हे आपल्याला ठाऊकच आहे. साहाय्यकालाही जामदारखान्याची सगळी किल्ल्यांची जुडी लागत नाही. त्याच्या कामाच्या खोलीची एक किल्ली द्यावी, तिची नोंद ठेवावी आणि काम संपताच ती परत घ्यावी. एवढी शिस्त अंगी बाणवली, तर नव्या माध्यमाची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही.